सगुणाने नाकारलेली मुद्रा

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात ढुंढिराज नावाचे शल्यवैद्य राहत होते. अंगात रुतलेला बाण असो, पिकलेलं गळू असो, नाहीतर मोडलेलं हाड असो, त्यांचा हात लागला की माणूस बरा होऊन घरी जाई. राजाने त्यांना राजधानीत एक शल्यशाळा काढून दिली होती. तिथे दरवर्षी बारा नवे शिष्य येत आणि सात वर्षं शिकत. सात वर्षं पुरी झाली की राजा भरदरबारात प्रत्येकाच्या गळ्यात तांब्याची मुद्रा घाली. ती मुद्रा ज्याच्या गळ्यात, तो गावोगावी जाऊन शस्त्र चालवायला मोकळा.

एका वर्षी मुद्रा मिळायच्या बारा शिष्यांत सगुणा नावाची एक मुलगी होती. तिचा बाप विहिरीवरच्या कातडी मोटा शिवायचा. सगुणाला सगळे ग्रंथ तोंडपाठ होते. कोणती शीर कुठून जाते, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण सात वर्षांत तिने एकदाही माणसाच्या अंगाला शस्त्र लावलं नव्हतं. कोणत्याच शिष्याने लावलं नव्हतं. शिष्यांनी पाणी उकळावं, शस्त्रांना धार लावावी, रोग्याचे पाय घट्ट धरावेत. शस्त्र मात्र गुरुजींच्याच हातात. कोणी धीर करून विचारलंच, तर ते म्हणत, "बघत राहा. बघून बघून हात आपोआप वळतो."

सगुणालाही ते खरं वाटत होतं. पण मुद्रा मिळायला आठ दिवस उरले असताना हैबती परत आला.

हैबती हा आदल्या वर्षीच्या शिष्यांतला सर्वांत हुशार. मुद्रा घेऊन तो नदीकाठच्या एका गावी गेला होता. आता तो शाळेच्या ओसरीवर मान खाली घालून बसला होता.

"तुझी मुद्रा कुठाय?" सगुणाने विचारलं.

"नदीत टाकली." हैबती म्हणाला, "एकाच्या मानेवर गळू होतं. गुरुजींना मी पन्नास वेळा तसलं गळू फोडताना पाहिलंय. वाटलं, येतं आपल्याला. पण शस्त्र किती दाबायचं, तेच हाताला कळेना. शीर कापली गेली, माणूस हातातच गेला. त्याची बायको समोरच उभी होती, सगुणा. माझ्या गळ्यातली मुद्रा बघून तिनेच त्याला माझ्यापुढे बसवलं होतं."

सगुणा तडक गुरुजींकडे गेली. "गुरुजी, या आठ दिवसांत मला एक तरी चीर घेऊ द्या. तुम्ही शेजारी उभे राहा. चुकले तर हात धरा."

"आणि रोगी दगावला तर?" ढुंढिराज म्हणाले. "लोक काय सगुणाचं नाव घेतील? ढुंढिराजाच्या शाळेत माणूस मेला, असं म्हणतील."

"आणि पुढे गावात दगावला तर?"

"तिथे मी नसतो," गुरुजी म्हणाले आणि शस्त्र पुसायला लागले.

सगुणाला त्या रात्री अन्न गेलं नाही. मुद्रा मिळणार म्हणून बापाने नवं पागोटं घेतलं होतं. गावाने मिरवणूक ठरवली होती. आणि तिच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी होती, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

आठव्या दिवशी दरबार भरला. राजाने पहिली मुद्रा उचलली आणि सगुणाचं नाव पुकारलं. ती पुढे आली, पण तिने मान झुकवली नाही.

"महाराज, ही मुद्रा मी घेणार नाही."

ढुंढिराजांचा चेहरा उतरला.

"का?" राजाने विचारलं.

"मला शस्त्र चालवता येतं असं या मुद्रेवर लिहिलंय. मला येत नाही."

"सात वर्षं काय केलंस मग?"

"पाहिलं, महाराज. आम्ही सगळ्यांनी नुसतं पाहिलं."

राजाला राग आला. "माझ्या हातातली मुद्रा नाकारतेस? हा माझा अपमान आहे, हे कळतंय तुला?"

सगुणा जागची हलली नाही. "महाराज, तुमच्या नावाची मुद्रा बघून लोक आमच्या हाती जीव सोपवतील. त्यांचा जीव गेला, तर तो अपमान कोणाचा?"

राजाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तो उरलेल्या अकरा शिष्यांकडे वळला. "आमच्या माहुताच्या तळव्यात काटा मोडलाय. हात पिकून भोपळ्यासारखा सुजलाय. आत्ता त्याला इथे बोलावतो. तुमच्यापैकी कोण चीर घेतो?"

अकरा माना खाली गेल्या.

"आणि तू?" राजाने सगुणाला विचारलं.

"एकटी नाही घेणार. गुरुजी शेजारी उभे राहिले तर घेईन. माझ्या बापाने मला पहिला टाका घालायला दिला, तेव्हा मोट वाकडी शिवली गेली. पण बाप शेजारी बसला होता. त्याने ती उसवून घेतली आणि सुई पुन्हा माझ्याच हातात दिली. आपली मोट गळकी म्हणून गाव हसेल, याचं भय त्याला नव्हतं."

राजा ढुंढिराजांना म्हणाला, "वैद्यराज, उभे राहा तिच्या शेजारी."

माहूत आला. त्याने सगुणाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरी, आजवर किती हात कापलेस?"

"एकही नाही."

माहुताने हात पुढे केला. "खरं बोललीस. घे."

तिने शस्त्र टेकवलं. माणसाची कातडी इतकी चिवट असते, हे सात वर्षांत तिला बघून कळलं नव्हतं. तिने जोर वाढवला, तोच गुरुजींनी तिचं मनगट धरलं. "आडवी नको. आडवी घेतलीस तर बोटं कायमची आखडतील. बोटांच्या दिशेने घे. हां. आता हलकेच. आता थांब."

पू वाहिला. मागोमाग काटाही आला. माहूत किंचाळला, मग हसला आणि पुन्हा किंचाळला. सगुणाने जखम धुऊन बांधली, तेव्हा तिचा घाम माहुताच्या हातावर टपटपत होता.

राजाने बाराही मुद्रा परत पेटीत ठेवल्या आणि हुकूम दिला की यापुढे गुरूच्या देखत शिष्याने स्वतः रोगी बरे केल्याशिवाय कोणालाही मुद्रा मिळणार नाही.

शाळेत परतल्यावर ढुंढिराज म्हणाले, "भरदरबारात मला मान खाली घालायला लावलीस. माफी माग."

"चुकले असते तर मागितली असती, गुरुजी. मी चुकले नाही."

तीन दिवस त्यांनी तिला दारात उभं केलं नाही. ती अंगणात बसून राहिली. चौथ्या दिवशी एका गवंड्याला आणलं. त्याच्या पोटरीत दगडाची कपची घुसली होती. ढुंढिराजांनी जखम पाहिली, आपल्या हातातल्या शस्त्राकडे पाहिलं आणि अंगणाकडे तोंड करून ओरडले, "सगुणे, हात धू!"

दोन वर्षांनी राजा स्वतः शाळेत आला. तोवर बाराही शिष्य चिरा घेत होते, टाके घालत होते, चुकत होते आणि बोलणी खात होते. राजाने सगुणाला विचारलं, "आता तरी मुद्रा घेशील ना?"

"अजून मोडलेलं हाड बसवायला नीट येत नाही, महाराज. तेवढं शिकून घेते."

राजाने ढुंढिराजांकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "तिचं बरोबर आहे, महाराज. अजून सात-आठ महिने द्या."

सात महिन्यांनी सगुणाने मुद्रा गळ्यात घातली आणि ती सीमेवरच्या एका गावी निघून गेली.

तात्पर्य: जे काम हाताला आलेलं नाही, त्याचा मान राजाने दिला तरी नाकारावा, आणि जो गुरू स्वतःच्या नावाला जपण्यासाठी शिष्याचे हात बांधून ठेवतो, त्याच्यापुढे ताठ उभं राहून विद्या मागून घ्यावी.