वेल आणि खेकडीण

माणसाचं पाऊल पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. भर समुद्रातल्या एका बेटावर एक टिटवी राहायची. एकदा भरतीबरोबर एक वेल वाहत आली. तिची जांभळी फुलं टिटवीला इतकी आवडली, की तिनंच वेलीला किनाऱ्यावर ओढून घेतलं.

दोन पावसाळ्यांत वेलीनं झुडपं गिळली आणि टिटवी जिथं अंडी घालायची तो गोट्यांचा उघडा माळही झाकून टाकला. टिटवी पिसाळली. चोचीनं वेलीचे तुकडे तोडून लांब भिरकावू लागली. आठवड्याभरात प्रत्येक तुकड्याला मुळं फुटली.

"अगं बाई, तू वेल काढत नाहीस, लावतेयस!" बिळातून म्हातारी खेकडीण ओरडली.

मग ती स्वतःच कामाला लागली. जमिनीखालून मूळ शोधायचं, नांगीनं कापायचं आणि वेल ओढत नेऊन तापल्या कातळावर वाळत टाकायची. एका उन्हाळ्यात तिची एक नांगी तुटली. ती उरलेल्या नांगीनं कापत राहिली आणि वेली ओढायचं काम टिटवीनं अंगावर घेतलं.

तिसऱ्या वर्षी माळ मोकळा झाला. टिटवीनं चार अंडी घातली.

"आजी, आता तरी बस की जरा!"

"भरती येऊन गेलीय ना? काय काय आलंय ते बघायला नको?" म्हणत खेकडीण किनाऱ्याकडे निघालीसुद्धा.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. टिटवीनं त्यांना उडायला शिकवलं ते नंतर. आधी आजीच्या मागून ओहोटीच्या काठानं चालायला पाठवलं.