टोपलीभर धान्य

फार मागं, आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही इतकं मागं, एका नदीच्या काठी एक कोवळं राज्य होतं. कुठली नदी ते विचारू नका. गोष्ट ऐकायची तर गुमान ऐकावी.

राज्य नुकतंच परक्या धन्याच्या हातून सुटलेलं. राजा नव्हता, पंच कारभार बघायचे. जमीन काळीभोर, पीक उदंड. पण पीक विकायचं तर नावांत भरून नदीच्या मुखाशी न्यावं लागे, आणि तिथलं बंदर होतं समुद्रापलीकडच्या एका राजाचं. नदीपलीकडचं अफाट रानही त्याचंच म्हणायचे. त्यानं ते कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वाटेत एके ठिकाणी पाणी उथळ होतं. तिथं नावा वाळूत रुतायच्या. मग रानातली माणसं पलीकडच्या काठावरून दोर टाकून नावा ओढून काढायची आणि नावेमागं टोपलीभर धान्य घ्यायची. बापजाद्यांपासून हे असंच चाललेलं.

एका सुगीला, आपल्या शत्रूला धान्य मिळू नये म्हणून, राजानं बंदर बंद केलं. नावा जागच्या जागी तटल्या. दमट हवेनं धान्याला कोंब फुटायला लागले. पंच घाबरले. त्यांनी नावांच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या तांडेलाला, समुद्रापार पाठवलं.

"तेवढं बंदर विकत माग," थोरला पंच म्हणाला. "जास्त शहाणपणा करू नको."

तिकडं राजा वेगळ्याच घोरात होता. त्याच्या ऊस पिकवणाऱ्या बेटावरचे गुलाम बंड करून उठले होते. त्यांना दाबायला गेलेली फौज लढाईत आणि तापात संपली होती. त्यात शेजारचा शत्रू उंबऱ्याशी आलेला, आणि उरल्या फौजेला खायला दाणा नव्हता.

"नुसतं बंदर कशाला? रानही न्या," राजा म्हणाला. "दोन वर्षं निम्मं धान्य पोचवा, सगळं तुमचं."

"महाराज, आम्ही दार मागितलं. घर कुठं मागितलं?"

"दार दिल्यावर घर मी राखू कशानं?"

तांडेल जरा घुटमळला. "तिथं माणसं राहतात. त्यांना विचारलंय?"

"राहतात का?" राजा म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

घरी धान्य सडत होतं. तांडेलानं मान डोलावली.

बंदर उघडलं, धान्य गेलं, घरोघरी गोडधोड झालं. राज्य एका दमात दुप्पट झालं, म्हणून पंचांची छाती फुगली. तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पुढल्या सुगीला नावा रुतल्या. पलीकडून दोर आले. पण पुढच्या नावेत या खेपेला थोरला पंच स्वतः उभा होता.

"टोपली बंद!" तो ओरडला. "रान आता आमचं आहे. आमच्याच जमिनीवर राहता, वर धान्य कसलं मागता?"

तांडेल हळूच म्हणाला, "पंच, एका टोपलीनं आपण भिकेला लागत नाही."

"तू तुझी नाव बघ."

काठावरची एक म्हातारी पुढं आली. "रान घेतलंत? कुणाकडून?"

"राजाकडून."

"कसा दिसतो तो? आम्ही तर कधी बघितला नाही."

"समुद्रापलीकडं असतो."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि दोर गुंडाळायला लागली. "मग नावाही त्यालाच ओढायला सांगा."

भांडण नाही, आरडाओरडा नाही. माणसं मुकाट्यानं रानात निघून गेली. पंचाची माणसं काठावर उतरली, दोर ओढू लागली. शेतात नांगर धरणारे हात ते. दोर तुटले, नाव हलली नाही.

पंचानं त्यांना परत बोलवायला माणूस धाडला रानात, पण तोवर रानातली माणसं वस्ती उचलून आत गेली होती.

धान्याला पुन्हा कोंब फुटले, चांगले हिरवेगार. खाली बंदर सताड उघडं होतं, आणि आपलंच होतं. पंचानं सवयीनं शिवी हासडायला तोंड उघडलं, पण या खेपेला शिवी घालायला परका राजा नव्हता. तोंड तसंच मिटून तो नावेत बसून राहिला.

जमीन राजाकडून विकत मिळते. शेजार हवा असेल तर शेजाऱ्यालाच विचारावं लागतं.