रेजिनबायने कालवलेले पीठ

वसईच्या किनाऱ्यावर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, आगरभाट नावाचे गाव आहे. केळीच्या वाड्या, पानवेलींचे मांडव आणि मधोमध पांढरेशुभ्र देऊळ. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक गिरजाघराला देऊळच म्हणतात. या देवळात फादर सिमांव बावीस वर्षे राहिले. त्यांच्या झग्याला ठिगळे होती, चपला दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या होत्या, आणि आपण जेवलो की नाही हे त्यांना आचाऱ्याला विचारावे लागे. पण गावात कोण आजारी आहे, कोणाच्या घरात अबोला आहे, कोणाची म्हैस गाभण आहे, हे सगळे त्यांच्या तोंडपाठ असे. अशा माणसाच्या हातून देव कधी काय करून घेईल ते सांगता येत नाही. भाविकहो, त्यातलीच ही एक गोष्ट.

मानमोडीच्या, म्हणजे जीवघेण्या तापाच्या, साथीचे ते वर्ष. सकाळी वाडीत पाणी शिंपणारा माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळे आणि तिसऱ्या दिवशी त्याला मातीत पोहोचवावे लागे. देवळात गर्दी करू नये असा सरकारी हुकूम निघाला होता. फादर तो मानीत. ते मिस्सा, म्हणजे देवळातली रोजची उपासना, एकटेच करत. घंटा झाली की गाव आपापल्या अंगणात गुडघे टेकी. देव अंगणातही येतो, त्याला वाट ठाऊक आहे, असे फादर म्हणत.

देवळामागच्या खोपटात रेजिनबाय राहत असे. तिचे काम एकच, ओस्ती भाजण्याचे. मिस्सेत जी ख्रिस्तशरीर होते ती गव्हाच्या पिठाची पातळ पांढरी चकती म्हणजे ओस्ती. गव्हाचे पीठ आणि पाणी, दुसरे काही नाही. लोखंडी चिमट्याच्या दोन पाट्यांमध्ये पिठाचा थेंब दाबायचा, निखाऱ्यावर धरायचा, आणि मनात 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून होईतो उलटायचा. वीस वर्षे ती हे काम करत होती. तिचे बोट कधी भाजले नाही असे नाही, पण ओस्ती कधी करपली नाही.

साथीच्या पहिल्याच आठवड्यात तिचा नवरा पेद्रू गेला. इतका झटकन गेला की फादर दारात पोहोचेपर्यंत डोळे मिटले होते. शेवटचे ख्रिस्तशरीर त्याच्या जिभेवर पडले नाही. रेजिनबाय नवऱ्यासाठी रडली, पण त्याहून जास्त ती या गोष्टीसाठी रडली. माझा माणूस उपाशी गेला, असे ती म्हणे.

आणि त्यावर मीठ चोळायला गावात मिंगेल मच्याडो होता. देवळाच्या सणासोहळ्यांचा तो कारभारी. मिरवणुकीत लाल झगा घालून सर्वांत पुढे चालायचा मान त्याचा. आजाऱ्याकडे फादर ख्रिस्तशरीर घेऊन निघाले की पुढे घंटी वाजवत जाण्याचा मानही त्याचाच. साथ आली तसा तो मान त्याने गुपचूप खुंटीला टांगला, फाटकाला काटेरी फांद्या लावल्या आणि कुंपणाआडून उपदेश सुरू केला. "ज्या घरी रोझरी चुकते त्या घरी मानमोडी शिरते," तो म्हणे. "पेद्रूचं घर बघा. उगाच नाही झालं."

रेजिनबायने हे ऐकले होते. ती ते विसरली नाही. माणूसच होती ती.

खाडीवरचे तांडेल, होड्या हाकणारे, आजारी पडले आणि होड्या बंद झाल्या. गहू शहरातून यायचा तो थांबला. रेजिनबायच्या डब्यात जेमतेम दोन मुठी पीठ उरले. आजाऱ्यांची यादी मात्र तिसावर गेली होती. दोन मुठींत तीस ओस्ती होणार नाहीत हे तिला दिसत होते. पुन्हा कोणीतरी पेद्रूसारखे उपाशी जाणार, हा विचार तिला सोडेना. आणि मग तिने वीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. घरातल्या तांदळाचे पीठ घेतले आणि गव्हात कालवले. तांदूळही देवानेच दिला, असे तिने मनाला समजावले.

ओस्ती काय सुरेख झाल्या म्हणून सांगू. इतक्या पांढऱ्या कधी झाल्या नव्हत्या. सकाळी टोपली घेऊन ती देवळात गेली, आणि आल्तारामागच्या, म्हणजे वेदीमागच्या, खोलीत फादरांचा चेहरा बघताच तिने टोपली खाली ठेवली.

"फादर, यात तांदूळ आहे," ती म्हणाली. "मी कालवला. गहू पुरत नव्हता."

फादरांनी एक ओस्ती उचलली, उजेडात धरली आणि हळूच खाली ठेवली. "सगळ्यांत आहे?"

"सगळ्यांत. आता गव्हाचा कण नाही घरात."

तांदळाच्या ओस्तीवर मिस्सा होत नाही. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणजे आज मिस्सा नाही. आल्तारावरच्या कुलूपबंद पेटीत आधीच्या मिस्सेतल्या तीन ओस्ती उरल्या होत्या, तेवढ्याच.

नेमका त्याच वेळी मिंगेल कारभारी मेणबत्त्या मागायला आला होता. नाकाला रुमाल लावून तो दारातच थांबला होता आणि त्याने सगळे ऐकले. रुमालाआडून तो हसला. "वा रेजिनबाय. नवऱ्याला उपाशी घालवलंस, आता गावाला तांदळाच्या पोळ्या खाऊ घालतेस?"

रेजिनबायने मान खाली घातली. फादर मात्र शांत होते. "मिंगेल, घंटी घेऊन पुढे चालतोस? तीस घरं आहेत."

"मी?" कारभारी दोन पावले मागे सरला. "तीन ओस्ती आणि तीस घरं. फादर, तुम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देणार की नुसती घंटी ऐकवणार?"

"बरं," फादर म्हणाले. मग ते रेजिनबायकडे वळले. "तुझ्या चुकीचं प्रायश्चित्त सांगतो. घंटी तू घे. माझ्या पुढे चाल."

बाईने घंटी घेऊन पुढे चालायचे, हे आगरभाटात कोणी पाहिले नव्हते. कारभारी बघतच होता तोवर फादरांनी तीन ओस्ती सोनेरी डबीत ठेवल्या, डबी छातीशी धरली आणि निघालेसुद्धा.

वाटेत रेजिनबाय हलकेच म्हणाली, "फादर, एकेकीचे तुकडे कराल ना?"

"चार तुकडे होतात. त्याहून लहान केले तर चुरा होतो. धाप लागलेल्याला चुरा कसा द्यायचा?"

तिने मनातल्या मनात मांडणी केली. तीन चोक बारा. अठरा माणसे उपाशी.

पहिले घर बावतीस सुताराचे. म्हातारा खाटेवर पडला होता. तोंड उघडायचीही ताकद नव्हती, पण घंटी ऐकून त्याने ते उघडले. फादरांनी डबी उघडली आणि अख्खी ओस्ती त्याच्या जिभेवर ठेवली.

बाहेर पडताच रेजिनबाय कळवळली. "फादर, मोडली नाहीत."

फादर थबकले. "विसरलो गे."

दुसऱ्या घरी एक बाळंतीण होती. तिथेही ते विसरले. तिसऱ्या घरी रेजिनबाय मुद्दाम खाकरली. फादरांनी ओस्ती हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि तशीच आजाऱ्याला दिली. "माझ्या हातांना मोडवत नाही," ते म्हणाले, आणि चौथ्या घराकडे चालू लागले.

रेजिनबायला वाटले, आता काय होणार? चौथ्या दारात डबी उघडणार, आत काही नसणार, आणि आजारी माणूस आ करून वाट बघत बसणार. तिने घंटी वाजवली पण तिला ती ऐकू आली नाही. फादरांनी डबी उघडली. आत हात घातला. अख्खी, गोल ओस्ती बाहेर आली.

पाचव्या घरीही तेच घडले, सहाव्या घरीही.

दहाव्या घरानंतर तिला राहवले नाही. "फादर, किती उरल्या?"

"मी मोजत नाही, रेजिनबाय. मोजायचं काम तू करतेस." आणि ते हसले.

दिवसभर ते चालले. लोक अंगणात गुडघे टेकून बसत, बाईच्या हातात घंटी बघून चमकत आणि मग मान लववत. तिसावे घर झाले तेव्हा ऊन कलले होते. फादरांनी डबीत पाणी घातले, ते पाणी स्वतः प्यायले, पांढऱ्या रुमालाने डबी पुसली आणि पालथी करून झटकली. रेजिनबायने डबीचा तळ डोळ्यांनी पाहिला. रिकामा, कोरडा, चकचकीत. तीस माणसे जेवली होती. पेद्रू गेल्यापासून पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

ते परत फिरले तोच केळीच्या वाडीतून कोणी पळत येताना दिसले. मिंगेल कारभारी होता. रुमाल नव्हता, पायात चप्पल नव्हती. तो फादरांपासून चार हातांवर थांबला.

"आई," तो म्हणाला. "चार दिवस झाले. आता घरघर लागली आहे. घंटी ऐकल्यापासून विचारते, फादर आपल्याकडे कधी येणार."

"यादीत तिचं नाव नव्हतं," फादर म्हणाले.

"मी दिलं नाही. आमच्या घरी मानमोडी शिरली हे कोणत्या तोंडानं सांगू?" तो डबीकडे बघत होता. "संपलं ना? मला ठाऊक आहे. तीनच होत्या."

"संपलं," फादर म्हणाले. "रेजिनबायनं बघितलं आहे."

आणि मग त्यांनी जे केले ते त्यांनाच सुचावे. ते रेजिनबायकडे वळले. "आज तुझी प्रार्थना देव ऐकतोय असं मला दिसतं. याच्या आईसाठी माग."

रेजिनबाय उभीच राहिली. खरे सांगायचे तर तिला मागावेसे वाटत नव्हते. पेद्रूच्या मातीवर याने काय शब्द टाकले ते तिच्या कानात अजून ताजे होते. आता कळू दे याला, असे तिच्या मनात आले, अगदी स्पष्ट आले. पण त्याच वेळी तिला ती म्हातारी दिसली, तोंड उघडून वाट बघणारी. जसा पेद्रू बघत राहिला असेल तशी. उपाशी माणसाचे नाव मच्याडो असले म्हणून त्याची भूक वेगळी नसते. ती धुळीत गुडघ्यांवर बसली आणि तिने मागितले. मनापासून, रडत रडत मागितले.

"चला," फादर म्हणाले.

मिंगेलने काटेरी फांद्या हातांनीच ओढून काढल्या. तळहात फाटले, त्याला भान नव्हते. म्हातारी कातरीन भिंतीकडे तोंड करून पडली होती. घंटी ऐकून ती वळली. फादरांनी स्वतःच्या हाताने पुसलेली ती डबी उघडली.

आत एक ओस्ती होती.

फादरांना त्याचे आश्चर्य वाटलेले दिसले नाही. त्यांनी ती म्हातारीला दिली. तिने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती निघून गेली. ती तिसऱ्या दिवशी देवाघरी गेली, पण भरल्या पोटी गेली. त्या एकतीस जणांपैकी आणखीही काही गेले, पण एकतीसही जणांच्या मनातली भूक त्या दिवशी निवली हे मात्र खरे. बरेचसे उठून वाडीत कामालाही लागले.

मिंगेल कारभारी आधी ख्रिस्तशरीरापुढे कपाळ जमिनीला टेकवून पडला होता. मग तसाच गुडघ्यांवर वळला आणि त्याने रेजिनबायच्या पायांवर डोके ठेवले. "मी तुझ्या पेद्रूला बोललो," तो म्हणाला.

एवढा मोठा माणूस पायाशी पडलेला बघून रेजिनबाय गोंधळून गेली. मग तिने वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठा कारभारी," ती म्हणाली. "आईच्या तोंडाला दोन घोट पाणी लावा. तिला गिळायला जड जातंय."