ताटावर टांगलेलं घुंगरू

एकदा एक म्हातारी होती, आणि ती मुळीच शहाणी दिसायची नाही. बोळक्या तोंडानं फिदीफिदी हसायची, पाहुण्याच्या चहात मीठ टाकायची. पण पैठणी विणायला शिकायचं तर सगळी पेठ तिच्याचकडे यायची. आत्याबाई म्हणायचे तिला.

तिच्या हाताखाली हेमांगी शिकत होती. चाळिशी ओलांडलेली, आतड्याच्या सुजेचं जुनं दुखणं. उठलं की पोट पिळवटायचं, शौचाला रक्त पडायचं. तेही तिनं अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण परवा पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी नवंच काढलं. म्हणाल्या, या आजाराचा कल जनुकांतून, म्हणजे जन्मतःच येतो. तसा कल असलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका जरासा जास्त असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत नाहीही दिसलं. "घाबरू नका, पण वय झालंय, मॅमोग्राफी करून घ्या."

हेमांगीच्या कानात 'कॅन्सर' तेवढं राहिलं. पोट कुठं, छाती कुठं! घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. आंघोळीत पुन्हा पुन्हा छाती चाचपायची. तपासणी उद्यावर आली, तशी तिनं आत्याबाईंना सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "मी नाही जायची. काही निघालंच तर?"

आत्याबाई सुपारी कातरत बसल्या.

हेमांगी मागावर बसली. ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा विरलेला दिसला. आता हा तुटणार! तो एक वाचवायला तिनं अख्खा ताणाच सैल सोडला. दुपारपर्यंत कापड झिरझिरीत झालं, बुट्ट्या वाकड्या.

आत्याबाई आल्या, बघितलं. ओरडल्या नाहीत. नातीच्या पैंजणातलं घुंगरू काढलं, तारेच्या आकड्यानं त्या विरल्या धाग्यावर टांगलं, खाली आपलं जेवायचं ताट ठेवलं.

"हे काय, आत्याबाई?"

"वाकडं विणलंयस ते उसव. मग कस ताणा. आणि विण."

हेमांगीनं उसवलं, ताणा कसला. आडव्या धाग्याचा धोटा टाकला की नजर घुंगरावर. पुन्हा धोटा, पुन्हा नजर.

"काढा हो ते! पडलं म्हणजे?"

"पडलं तर वाजेल. भवाने, ते काय धागा तोडायला टांगलंय?" आत्याबाई शेजारी टेकल्या. "ताणा कधी लावला गं आपण? विणायच्या आधीच ना? साडीच्या अंगात आहे तोच धागा पुढं पदरात जायचा. इथं विरलाय, म्हणून पदरात तुटेलच असं नाही. कितीतरी धागे निभावून नेतात. पण नजर कुठं ठेवायची ते तर कळलं? तू काय केलंस, एका धाग्याला भिऊन अख्खी साडी ढिली केलीस. घरीही तेच चाललंय तुझं, जेवण नाही, झोप नाही. अगं, धागा तुटला तर घुंगरू तेव्हाच सांगेल, लगेच सांधून घेऊ. कळलंच नाही तर मग भोक पडतं. राखण त्याला करू दे. तू विण."

हेमांगीचा हात छातीवर होता. तिथं कधी गेला, तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं तो काढून धोट्यावर ठेवला.

दोनदा धोटा टाकून म्हणाली, "उद्या दुपारी मी नाही. माग बघाल?"

"बघीन की. येताना गरम भजी आण. तुझ्या पोटाला चालत नाहीत, म्हणून माझ्यापुरती. आणि लवकर ये, माझं ताट अडकलंय."

दुसऱ्या दिवशी हेमांगी दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. भीती काही गेली नव्हती. पण आतून तिचं नाव पुकारलं, तेव्हा ती उठली.