रंगरावाने घासलेलं तपेलं

“अंगात अजून किती विष उरलंय, बाबा?”

रंगराव डोईफोडे फकिराच्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, ओट्यावर धपकन बसला आणि त्याने जीभ बाहेर काढून दाखवली.

दादूशा बाबांनी जिभेकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते चिंचेच्या सावलीत ताक घुसळत होते. फकिरी घेण्याआधी बाबा गावोगाव पितळी भांड्यांना आतून कथलाची कल्हई करत हिंडायचे, म्हणजे आंबट त्यात कळकत नाही. भांडं आधी निरखायचं आणि मग बोलायचं, ही त्या धंद्यातली सवय माणसांच्या बाबतीतही सुटली नव्हती.

“काय काय सोडलंस?”

“तंबाखू. रात्रीचं जड जेवण. तुम्ही सांगितलेलं.”

“ते तर महिन्याभरात सुटलं होतं. पोट हलकं झालं, झोप लागते, असं तूच सांगून गेलास.”

“मग मीठ सोडलं. मग तेल. मग भाकरी. आता सकाळी कडुलिंबाचा रस, सोमवारी-गुरुवारी एरंडेल...”

फुशारकी होती खरी. पण ती मारतानाही बिचाऱ्याला धाप लागत होती. गालफडं बसली होती. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. सरसाबाई, त्याची बायको, रोज ताट वाढायची आणि रोज तेच ताट झाकून ठेवायची.

“मग थांबला का नाहीस?”

“भीती वाटते, बाबा.” रंगरावाची मान खाली गेली. “येत्या पाडव्याला चाळिसावं लागेल. वडील, आबा, चाळिशीतच गेले, कावीळ होऊन. थोरला भाऊ, दादा, तोही तसाच गेला. माझी पोरं लहान आहेत हो.”

बाबांनी कोपऱ्यातलं पितळी तपेलं त्याच्यापुढे सरकवलं.

“हे घासून आण.”

रंगराव ओढ्यावर गेला तो दोन घटका परतलाच नाही. राख झाली, चिंच झाली, शेवटी विटकरीचा चुरा झाला. आतला कल्हईचा करडा थर त्याला खटकला, मग तोही त्याने नखं दुखेपर्यंत खरवडला. कल्हई कशाला म्हणतात हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण पाच महिन्यांत त्याच्या डोळ्यांना जिकडेतिकडे मळच दिसू लागला होता.

तपेलं आतून-बाहेरून सोन्यासारखं पिवळं झालं.

“बघा! डाग म्हणून उरला नाही.”

बाबांनी आत डोकावलं. घुसळलेलं ताक त्यात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाले, “पड जरा.”

रंगरावाचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा सावली ओट्यावरून खाली उतरली होती.

“घे, ताक पी.”

त्याने झाकण काढलं. काठाला हिरवट कड आली होती. वास नाकात गेला तसं त्याने तोंड फिरवलं.

“बाबा, हे कळकलंय! हे प्यायलो तर मरेन की!”

“चांगलं ताक होतं. विष कुठून आलं?”

“तपेल्यातून...”

“त्याला तर तू डागही ठेवला नाहीस.”

रंगराव तपेल्यात पाहत राहिला. मग आपल्या हातांकडे. काळी पडलेली नखं, मनगटाची वर आलेली हाडं...

“आबा दारू प्यायचा, नाही का रे?” बाबांनी हळूच विचारलं.

“सकाळी उठल्यापासून.”

“आणि दादा?”

“त्यांच्याबरोबरच बसायचा.”

“तू?”

“शिवलो नाही कधी. आईची शपथ.”

“मग त्यांचं मरण तू कशाला पोटात घेऊन फिरतोस?”

इतकी वर्षं हे रंगरावाला ठाऊकच होतं. पण कुणाला तरी ते मोठ्याने म्हणावं लागलं.

बाबांनी ताक लांब खड्ड्यात ओतलं. तपेलं धुतलं, भट्टी पेटवली, भाता रंगरावाच्या हाती दिला. “ओढ. घासायचं काम तर तू करूनच ठेवलंयस,” असं म्हणून मिश्किल हसले. तापलेल्या पितळेवर नवसागर पडला, धूर उठला. मग कथील आणि ते आत पसरायला कापसाचा बोळा. बघता बघता तपेल्याचं पोट चांदीसारखं पांढरं झालं.

त्यात बाबांनी तांदूळ-मुगाची पातळ खिचडी शिजवली. मीठ टाकलं. वर चमचाभर तेल.

“सावकाश. थोडीच खा. उद्यापासून घरी सरसाबाईच्या हातचं.”

पहिला घास जिभेवर टेकला आणि रंगरावाला रडूच फुटलं. मीठ इतकं गोड लागतं हे तो विसरला होता. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखा त्याने श्वास घेतला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत पोचला.

“पाडव्याला सगळ्यांना घेऊन येतो, बाबा. पोरांनाही.”

“ये.”

जेवण झालं. रंगराव हलक्या पायांनी उठला, रिकामं तपेलं उचलून ओढ्याकडे निघाला आणि जाता जाता चुलीतली मूठभर राख घेतली.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. बोटं एकेक करून उघडली. राख खाली सांडली.

“आतून... नुसता हात फिरव, बेटा.”