हेडमास्तरांची मूठ

आमच्या काळी डिस्लेक्सिया हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पोराला ‘ढ’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझी भाची कुंदा नववीत होती, पण घ आणि ध तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. मी शाळेचं तोंड न पाहिलेली. परातीतल्या पिठात बोट फिरवून अक्षरं शिकले होते. तिलाही तसंच शिकवलं. मग वाचताना अडलं की ती तळहातावर अक्षर गिरवायची आणि बरोबर वाचायची.

एकदा हेडमास्तर नाडगौडांनी मला शाळेच्या कचेरीत बोलावून माझ्यासमोर तिची परीक्षा घेतली. कुंदानं गिरवत गिरवत अख्खा धडा वाचला.

“हे कसलं वाचन? विद्या डोक्यात हवी, हातावर नव्हे,” मास्तर मला म्हणाले. “महिनाअखेरीस हिचं नाव पटावरून काढतो.”

“तारीख तीस घालू की एकतीस?” कारकुनानं विचारलं.

मास्तरांनी मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर जानेवारीपासून महिने मोजू लागले.

मी म्हटलं, “मास्तर, विद्या तुमच्याही हातावरच दिसते. आधी कुणाचं नाव काढायचं?”

मास्तरांची मूठ हळूच कोटाच्या खिशात गेली. कुंदाचं नाव राहिलं.

ती परात अजून माझ्याकडे आहे. पीठ मळताना आजही बोट आपसूक घ काढतं.