दोरास सात

“मग विटकरांचं नाव शिळेवर कशाच्या आधारानं घालू, बुवा? तुम्हीच सांगा.”

 बुवा मठाच्या विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांच्या हातात एक दोर होता. दोराचा एक वेढा रहाटाच्या दगडी खांबाला घेतलेला, आणि दुसरं टोक खाली विहिरीत गेलेलं. खालून छिन्नी-हातोड्याचा आवाज येत होता.

विचारणारे विश्वंभर काळदाते. खडकमाळच्या हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि भैरवपुरी बुवांचे वीस वर्षांचे शिष्य. गाव त्यांना सर म्हणायचं. एकटे बुवा त्यांना विश्वंभर म्हणत. वीस वर्षांत सरांनी मठाच्या दारात चपला रोज काढल्या. ताठा मात्र बहुतेक दिवशी आत यायचा.

गाव वसल्याला शंभर वर्षं होत होती. सोहळा आठ दिवसांवर आला होता. देवळासमोर शिळा बसणार होती, तिच्यावर गाव वसवणाऱ्या सात घरांची नावं कोरायची होती. जुने फोटो आणि जुन्या नोंदी यांचं एक पुस्तकही निघणार होतं, आणि ते सरांनी जुळवलेलं होतं. विटकरांच्या आठव्या घराचा वाद तेवढा मध्येच उपटला होता.

“खाली कोण आहे?” सरांनी विचारलं.

“हनमंत विटकर. बांधकामाचे दोन दगड सुटलेत, ते बसवतोय.”

सर एकदम खालच्या आवाजात बोलू लागले. “मग मी जरा...”

“हळू कशाला बोलतोस? विहिरीत सगळं घुमतं. त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतंय.”

छिन्नीचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“ऐकू दे,” सर म्हणाले. “मी कुणावर अन्याय करायला बसलेलो नाही.”

त्यांनी काखेतली फाईल उघडली आणि त्यातून एक फोटो काढला. तांबूस पडलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. शंभर वर्षांपूर्वी पाहणीला आलेल्या कुणा साहेबानं काढलेला.

फोटोत सात माणसं होती. मुंडासी बांधलेली, गुडघ्याइतकं धोतर, अंगात काही नाही. मागं सगळा उघडा माळ. सातही जणांनी मिळून एक जाड दोर धरलेला. सातही जण दात आवळून मागं रेललेले. दोराचं टोक फोटोच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेलं.

“बघा बुवा. तिसरे माझे आजोबा, रंगनाथ काळदाते. दुष्काळात घरदार सोडून ही सात घरं इथं आली. कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं इथं. पहिलं वर्ष दोन कोसांवरून पाणी आणलं. हंड्याखालच्या चुंबळीनं बायकांच्या टाळूचे केस गेले. लोक म्हणाले, हा माळ तुम्हाला खाईल. त्यांनी विहीर खणायला घेतली. खडक लागला, तरी थांबले नाहीत...”

 हे काही नुसतं भाषण नव्हतं. तो माळ त्या माणसांनी खरोखरच उभा केला होता. आज तिथं डाळिंबं लागत होती, शाळा भरत होती, आणि त्या शाळेत सरांनी बत्तीस वर्षं शिकवलं होतं. अशा माणसाला अभिमान वाटू नये, तर कुणाला वाटावा?

“पाणी लागलं, त्या दिवशी सात जणांनी एक दोर हातात घेऊन शपथ घेतली. हा माळ सोडायचा नाही. शंभर वर्षांत त्यातलं एकही घर हललेलं नाही, बुवा.”

त्या शपथेचा खडकमाळला रिवाज होता. दर चैत्रात, यात्रेच्या दिवशी, सात घरांतली सात कर्ती माणसं जुन्या विहिरीपाशी जमत. दोराला हळद लावत. मग सगळ्यांनी तो धरून, फोटोतल्यासारखंच दात आवळून मागं रेलून उभं राहायचं. एखाद्या नवख्याला हसू फुटलंच, तर म्हातारे डोळे वटारत. याला दोराचा मान म्हणत. गावात याच्यावरचा मान नाही.

“आणि ही नोंद.” सरांनी दुसरा कागद काढला. “तुमच्या आजेगुरूंच्या हातची. मोडी मी स्वतः वाचलीय. ‘चैत्र वद्य नवमी. पाणी लागले. दोरास सात.’ खाली सात नावं.”

“आठवं नाही?”

“नाही.”

“लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलेलं नाही,” बुवा म्हणाले.

“तेच तर मी म्हणतोय! फोटोत सात, कागदावर सात. आणि हा हनमंत म्हणतो, आमचा आजा तिम्मा त्या दिवशी तिथंच होता. कुठं होता, विचारलं. म्हणतो, विहिरीत होता.” सर हसले. “विहिरीतला माणूस फोटोत दिसायचा नाही, हे बरं सोयीचं आहे. मी म्हटलं, कागद आण.”

बुवांनी मान हलवली. मग त्यांनी गुडघा चोळला.

“विश्वंभर, हे जरा धर. माझा पाय भरून आलाय.”

“कसा धरू?”

“दोन्ही हातांनी.”

“फाईल...”

“खाली ठेव.”

सरांनी धोतराच्या सोग्यानं दगड पुसला, त्यावर फाईल ठेवली आणि दोर हातात घेतला. दोर ढिलाच होता. हनमंत पायरीवर उभा राहून काम करत होता, दोर नुसता त्याच्या कमरेला आधारापुरता बांधलेला होता.

कडुनिंबाखाली तालुक्याचा फोटोवाला निसार कॅमेरा पुसत उभा होता. पुस्तकासाठी बुवांचा एक फोटो काढायचा म्हणून सरांनीच त्याला आणलं होतं.

“इतिहास असा असतो, बुवा,” सर पुढं बोलू लागले. बोलताना त्यांनी सवयीनं उजव्या हाताचं बोट वर केलं. “पुरावा असेल, तरच...”

“दोन्ही हातांनी,” बुवा म्हणाले.

बोट खाली आलं. दोर दोन्ही हातांत आला. आणि तेवढ्यात खाली काहीतरी ढासळलं.

आधी दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग दोर सरांच्या तळव्यातून सरकन धावला. सरांनी तो आवळला. टाचा मातीत रुतल्या. अंग मागं गेलं. आयुष्यात त्यांनी खडूपेक्षा जड काही इतक्या जोरानं धरलं नव्हतं.

बुवांनी खांबावरच्या वेढ्यावर हात दाबला. 

निसारचं बोट असल्या वेळी त्याला विचारत नाही. त्यानं एक फोटो काढला, कॅमेरा गळ्यात सोडला, आणि धावत येऊन सरांच्या मागं दोर धरला.

“सर...” खालून आवाज आला. “धरलंय का?”

सरांना उत्तर देता येईना. दात उघडले असते, तर हातही उघडले असते.

“धरलंय,” बुवा म्हणाले.

“थांबा... पाय लागंना... थांबा...”

दोर हलला. दोर थांबला.

“लागला.”

हनमंत वर आला, तेव्हा त्याचं कोपर सोललेलं होतं आणि डोक्यावर ओली माती होती. काठावर बसून त्यानं कमरेची गाठ सोडली, दोराचं मोकळं टोक बाजूला टाकलं.

“एक दगड गेला. दुसरा बसवलाय पक्का. त्यो आता शंभर वर्सं हलत न्हाई.”



निसारनं कॅमेऱ्याच्या मागचा पडदा सरांसमोर धरला. फोटो चांगला आला होता, म्हणून दाखवला, एवढंच. बुवांनी फायलीवरचा जुना फोटो उचलला आणि त्या पडद्याशेजारी धरला.

सर बघत राहिले.

तिसरा माणूस. आवळलेला जबडा. गळ्याची ताठ शीर. मातीत रुतलेल्या टाचा...

शेजारी पडद्यावर तोच जबडा होता. तीच शीर. चष्मा तेवढा जास्त होता.

“शपथ घेताना...” सर म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, “शपथ घेताना कुणी असं रेलत नाही.”

बुवांनी जुना फोटो त्यांच्या आणखी जवळ धरला.

“ही शीर दाखवून मी पोरांना सांगायचो, बघा, निर्धार कसा असतो. बत्तीस वर्षं सांगितलं. चुकीचं सांगितलं मी?”

“नाही. निर्धारच आहे तो.”

“त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, ते एकदाही विचारलं नाही मी.”

हनमंत खाली मान घालून कोपरावरची माती पुसत होता. सर त्याच्याकडं वळले.

“हनमंत, तुझे आजोबा या फोटोबद्दल काय म्हणायचे?”

“आमच्या घरी बी हाय की ह्यो फोटू. आजा मरस्तवर रोज सकाळी त्याला हात जोडायचा. म्हणायचा, ह्यात मी न्हाई, पर माझा भार हाय ह्यात. तळाचा खडक फुटला, पाणी उसळून आलं, शिडी गेली. सात जणांनी वर धरला म्हणून मी हाय, म्हणायचा. कुणाचं दात कसं आवळलं हुतं, ते बी करून दावायचा.” हनमंत थोडा हसला. “रंगनाथअण्णांचं लई झ्याक करायचा.”

“हे मला आधी का सांगितलं नाहीस?”

“सांगाय आल्तो की सर. तुमी म्हनला, कागद आन.”

सर खालच्या कागदाकडं बघत राहिले. पाणी लागले. दोरास सात. कागद कालही हेच सांगत होता.

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. लाज वाटत होती. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते आजवरच्या सगळ्या ताठ्यापेक्षा मोठं होतं.

“बुवा,” ते म्हणाले, “माझ्या आजोबांनी माणूस धरला होता.”

“हो.”

“आणि आम्ही शंभर वर्षं नुसता दोर धरतोय.”

विहिरीवर ऊन आलं होतं. कडुनिंबात एक होला घुमत होता.

“निसार,” सर म्हणाले. आवाज आता वर्गातला होता, खणखणीत. “जुन्या फोटोखाली लिही. दोरास सात. विहिरीत तिम्मा विटकर. आणि तू आत्ता काढलास, तोही पुस्तकात जाईल. त्याच्याखाली लिही, दोरास विश्वंभर काळदाते. विहिरीत हनमंत विटकर.”

“आणि शिळेवर, सर?”

“आठ घरं. पाथरवटाला मी आजच सांगतो.” मग ते हनमंतला म्हणाले, “यंदा यात्रेला तू दोर धरायचास. माझ्याशेजारी.”

 हनमंतनं नुसती मान हलवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

पण बुवा या दोघांकडं बघत नव्हते. ते सरांच्या हातांकडं बघत होते. दोराचं दुसरं टोक केव्हाचं मोकळं होऊन धुळीत पडलं होतं. सरांच्या मुठी अजून तशाच आवळलेल्या होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती, तळवे सोलले होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

बुवा उठले. त्यांनी त्या मुठींवर आपला हात ठेवला...

“आता सोड, विश्वंभर. तो वर आला.”